नुरा कुस्ती

(तृतीय वर्ष कला)

वार्षिक अंकासाठी साहित्य द्यावे, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मी आमच्या मराठीच्या सरांना जाऊन भेटलो. सर म्हणाले, "विषय जिव्हाळ्याचा घे. पहिला पाऊस, एस.टी.चा प्रवास आणि माझी आजी हे तीन सोडून काहीही चालेल." मी भीतभीत विचारले, "मारामारीच्या व्हिडिओ गेमवर लिहिले तर?" सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे नव्याने पाहिले. मग म्हणाले, "लिही. पण वाचून झाल्यावर माणसाच्या हाती काहीतरी राहू दे."

त्या अटीचे ओझे घेऊनच हा लेख लिहितो आहे. आजीवर बंदी आहे, ती मी पाळीन. आजोबांवर मात्र सरांनी बंदी घातलेली नाही, आणि त्यांच्यावाचून हा विषय मला सांगताच येणार नाही.

ज्यांनी हे खेळ कधी पाहिले नसतील त्या प्राध्यापक मंडळींसाठी आधी थोडा खुलासा केला पाहिजे. व्हिडिओ गेमचे नाना प्रकार आहेत. मोटारी पळवण्याचे आहेत, चेंडूचे आहेत, शेती करण्याचेसुद्धा आहेत. त्यांत हाणामारीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात एकटा नायक शेकडो शत्रूंना लोळवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. हा ॲक्शनचा प्रकार; आपल्या हिंदी सिनेमाचा सख्खा भाऊ. दुसऱ्यात पडद्यावर दोघेच असतात, समोरासमोर. दोघांच्या नावाने वर एकेक आडवी पट्टी असते. मार बसला की पट्टी कमी होते आणि ज्याची पट्टी आधी संपली तो पडला. हा फायटिंगचा प्रकार. पहिल्यात तुमच्यासमोर यंत्र असते. दुसऱ्यात तुमच्या शेजारी, तुमच्याच सतरंजीवर, मांडीला मांडी लावून दुसरा माणूस बसलेला असतो. माझे खरे प्रेम या दुसऱ्या प्रकारावर आहे. ते का, एवढेच मला सांगायचे आहे.

आमचे घर कोल्हापुरात, एका जुन्या पेठेत, तालमीच्या पाठीमागे. आबा म्हणजे माझे आजोबा तरुणपणी त्याच तालमीत घुमत. दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यांत रुतलेली. शाहूमहाराजांच्या काळात, १९१२ साली सुरू झालेल्या खासबागेच्या मैदानात आपण दोनदा लढलो, हे ते पाहुण्याचा चहा येण्याआधीच सांगून टाकीत. एकदा जिंकले होते, एकदा हरले होते. जिंकलेली कुस्ती ते दोन वाक्यांत संपवीत. हरलेल्या कुस्तीला मात्र चहा गार होईपर्यंत वेळ लागे. कोणत्या क्षणी आपला डावा पाय पुढे पडला, तो का पडला आणि समोरच्याने तो कसा हेरला, हे सगळे त्यांना पन्नास वर्षांनंतरही दिसत असे.

२०१३ च्या दिवाळीत दादाने घरात प्लेस्टेशन टू आणले. तो तेव्हा अकरावीत होता आणि मी चौथीत. सुटीत शिरोलीच्या एम.आय.डी.सी.त एका फाउंड्रीत काम करून त्याने जे पैसे मिळवले त्यांतून हे जुने, कुणीतरी वापरून सोडलेले यंत्र आले. सोनी कंपनीने प्लेस्टेशन टूचे उत्पादन ज्या वर्षी बंद केले, नेमके त्याच वर्षी ते आमच्या घरी पोचले. आमच्याकडे सगळ्याच गोष्टी अशा वेळेवर येतात. सोबत दोन रिमोट होते, त्यांतल्या एकाचे रबर निघालेले. आणि एकच डिस्क होती, 'टेकन थ्री'ची. नामको कंपनीचा हा खेळ १९९७ साली नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर आला आणि १९९८ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनवर. प्लेस्टेशन टूवर पहिल्याच्या डिस्काही चालतात, म्हणून आमची सोय झाली.

या टेकनची कथा थोडक्यात अशी. हेइहाची मिशिमा नावाचा एक उग्र गृहस्थ आपल्या लहानग्या मुलाला, काझुयाला, कड्यावरून खाली फेकून देतो. मुलगा जगतो, मोठा होतो आणि बापाला फेकून देतो. पुढे काझुयाचा मुलगा जिन येतो आणि आजोबा त्याच्याही जिवावर उठतो. आमच्या भावकीत वाटणीचे दावे कोर्टात चालतात, त्यांच्याकडे कड्यावर चालतात, एवढाच काय तो फरक. आईने हे ऐकले तेव्हा ती म्हणाली, "असलं काही बघून पोरं बिघडायची." आबा म्हणाले, "महाभारत वाचून कोन बिघडलं?" प्लेस्टेशन घरात राहिले.

आबा संध्याकाळी आमच्या मागे कॉटवर बसत. पडद्यावर एक जण किकबॉक्सिंग करी, एक तायक्वांदो, एक कुंग फू. आबांना त्यात रस नव्हता. पण एकदा दादाने किंग निवडला. किंग हा अंगापिंडाने भरलेला, तोंडावर जॅग्वारचा मुखवटा घालणारा कुस्तीगीर. त्याने समोरच्याला पकडून, उचलून, गरगर फिरवून फेकले तेव्हा आबा सरळ होऊन बसले. "ह्यो खरा पैलवान," ते म्हणाले. "बाकीचे नुसते नाचत्यात." त्या दिवसापासून आमच्या घरात त्या खेळाला 'वाघाची कुस्ती' हे नाव पडले.

टेकनमध्ये रिमोटवरची चार बटणे म्हणजे चार अवयव. चौकोन डावा हात, त्रिकोण उजवा हात, फुली डावा पाय, गोल उजवा पाय. माझ्यासारख्या नवशिक्याला इतके पुरे असते. मी एडी गॉर्डो निवडत असे. हा ब्राझीलचा, कापोएरा नावाची नाचासारखी युद्धकला खेळणारा. फुली आणि गोल ही दोन बटणे डोळे मिटून बडवली तरी तो हातांवर उभा राहून पायांचे असे काही चक्र फिरवतो की बघणाऱ्याला वाटावे, खेळणारा मोठा तयारीचा आहे. शेजारच्या सगळ्या पोरांना मी याच्या जोरावर हरवले होते. दादाला मात्र एकदाही नाही. तो शांतपणे माझे चक्र अडवून धरी, आणि ते थांबले की मला उचलून आपटी. मी रडकुंडीला आलो की म्हणे, "बडवू नकोस. बघ."

काय बघायचे, ते समजायला मला दोन वर्षे लागली. पडद्यावर एका सेकंदात साठ चित्रे सरकतात. प्रत्येक ठोशाला, प्रत्येक लाथेला ठरलेल्या संख्येची चित्रे लागतात: काही हात सुटेपर्यंत, काही तो परत जागेवर येईपर्यंत. हल्लीच्या टेकनमध्ये बहुतेक पात्रांचा सर्वांत जलद ठोसा दहाव्या चित्राला लागतो. म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. आता समजा, मी मोठी लाथ मारली, ती समोरच्याने अडवली, आणि मला सावरायला त्याच्यापेक्षा दहा चित्रे जास्त लागली, तर त्याचा जलद ठोसा मला बसणारच. नशिबाचा प्रश्न नाही, हा हिशेब आहे. मोठा फटका तेवढा मोठा धोका. हे मी आबांना समजावून सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "ह्यात नवीन काय? डाव फसला की मानूस उघडा पडतो."

पकडीचेही तसेच. किंगने पकडले म्हणजे सगळे संपले असे नाही. पकड पडताक्षणी सुटकेची एक बारीक फट असते. पकड ज्या हाताची, त्या हाताचे बटण तेवढ्या वेळात दाबले तर सुटता येते. आबांच्या भाषेत डाव आणि प्रतिडाव. दादा या सुटकेत इतका वाकबगार होता की त्याच्यावर पकड टाकणे म्हणजे त्याला आयते बोलावणे होते.

या खेळाची गोडी मला लागली ती जिंकण्यामुळे नव्हे, कारण घरात मी जिंकतच नव्हतो. गोडी लागली ती हरण्यामुळे. परीक्षेत कमी गुण पडले तर पेपर अवघड होता असे म्हणता येते. क्रिकेटमध्ये हरलो तर खेळपट्टी असते, पंच असतो, आणि कुणीच नसले तर ऊन असते. इथे दोघांना तेच मैदान, तेवढीच पट्टी, तीच साठ चित्रे. हरलो तर का हरलो ते समोर दिसते. हार संपूर्णपणे आपल्या मालकीची असते. लहान वयात पूर्णपणे आपल्या मालकीच्या अशा किती गोष्टी असतात?

जेवणे झाली की रोज पाच कुस्त्या, असा आमचा नेम होता. वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातली एक जुनी डायरी होती, तिच्यात दादा निकाल लिहून ठेवी. पुढे मी एडीला सोडून किंगला धरले. मग किंगविरुद्ध किंग, फक्त कपड्यांचा रंग वेगळा. सहा वर्षांत मी पाचपैकी दोन कुस्त्या पुष्कळदा मारल्या, पण तीन कधीच नाही.

२०१७ साली वडिलांना अर्धांगाचा झटका आला. दादा तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याने कॉलेज सोडले, ए.सी. दुरुस्तीचे काम शिकून घेतले आणि २०१९ च्या जूनमध्ये त्याला दुबईला नोकरी लागली. निघायच्या आदल्या रात्री सामान बांधून झाल्यावर तो म्हणाला, "चल, पाच होऊन जाऊ देत."

दोन त्याने मारल्या, दोन मी. पाचव्या कुस्तीत दोघांच्या पट्ट्या नखाएवढ्या उरल्या होत्या. मी पकड टाकली. साधी डाव्या हाताची पकड, जी तो झोपेतही सोडवील. का कोण जाणे, त्या क्षणी मी पडद्याकडे न बघता त्याच्या हाताकडे बघितले. त्याचा अंगठा चौकोनावर होता. तो हलला नाही.

पडद्यावर माझा किंग हात उंचावून उभा राहिला. दादा म्हणाला, "मारलीस की लेका! तीन!" आणि डायरी काढायला उठला.

मी म्हणालो, "तू मुद्दाम हरलास."

"नाही रे, सुटलं हातातनं."

मी रिमोट भिंतीवर फेकला. तो बिनरबराचा होता, त्याचा एक तुकडाही उडाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादाची मुंबईची गाडी होती. सगळे घर स्टँडवर गेले. मी माडीवर दार लावून बसलो.

आबांचे गुडघे धरले होते, म्हणून तेही घरीच होते. ते एकेक पायरी चढून वर आले, धाप टाकत माझ्याशेजारी बसले. म्हणाले, "नुरा कुस्ती म्हंजे काय, ठावं हाय?" मला ठाऊक नव्हते. "दोघं पैलवान आदीच ठरवून लढत्यात. कोन पडनार, कवा पडनार, समदं ठरल्यालं. लोकं टाळ्या वाजिवत्यात. पर मातीला कळतं."

मी म्हणालो, "तेच केलं दादानं."

आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्यानं कुनासंगं ठरिवली हुती? एकट्यानंच ठरिवली. त्येला नुरा म्हनत न्हाईत."

"मग काय म्हणतात?"

त्यावर ते काही न बोलता उठले आणि खाली गेले.

त्या रात्रीनंतर मला एक खोडच जडली. कोणताही खेळ हातात आला की मी पहिल्यांदा हे बघतो, हा आपल्याशी खरा खेळतो की नुरा? माझी जी काही मते आहेत ती सगळी या एका प्रश्नातून निघाली आहेत.

'गॉड ऑफ वॉर'चेच घ्या. २००५ सालचा, प्लेस्टेशन टूवरचा हा सर्वांत गाजलेला ॲक्शन खेळ. ग्रीक पुराणातला देखावा, क्रेटॉस नावाचा संतापलेला योद्धा, हातांना साखळीने बांधलेली पाती. भव्य आहे, नाही म्हणता येणार नाही. पण मोठा राक्षस मरायला टेकला की पडद्यावर एक बटण उमटते: हे दाबा. दाबले की दुसरे उमटते. तुम्ही दाबत जायचे आणि क्रेटॉसने पराक्रम करायचा. प्रश्नपत्रिकेबरोबर उत्तरेही फळ्यावर लिहून द्यावीत, तसा हा प्रकार. शिवाय एकाच जागी पुन्हा पुन्हा मेलात, तर खेळ अदबीने विचारतो, सोपे करू का? मित्राच्या घरी मला पहिल्यांदा ते विचारले गेले तेव्हा मला दादाचा न हललेला अंगठा आठवला. मी 'नाही' म्हणालो आणि आणखी अकरा वेळा मेलो.

उलट टोकाला 'सेकिरो'. फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा, २०१९ सालचा. यात सोपे-अवघड असे निवडायची सोयच ठेवलेली नाही. एक हात तुटलेला योद्धा आणि त्याची तलवार. समोरच्याचा वार नेमक्या क्षणी आपल्या पात्यावर झेलला तर त्याचा तोल ढळत जातो. घाबरून मागे सरलात तर तो पुन्हा सावरतो. अशिनाच्या किल्ल्यावर गेनिचिरो नावाचा सरदार आहे. त्याने मला एकोणतीस वेळा मारले. तिसाव्या वेळी मी जिंकलो तेव्हा माझ्या योद्ध्याची ताकद वाढलेली नव्हती, तो तोच होता. बदललो होतो तो मी. यंत्राशी खेळायचेच असेल तर मला ते असे पाहिजे. लगेच हेही सांगतो की ज्यांना हात किंवा डोळे पुरते साथ देत नाहीत, अशांसाठी खेळ सोपे करण्याच्या सोयी असाव्यात, या मताचा मी आहे. माझा राग सोयीवर नाही. न मागता कीव करण्यावर आहे.

अवघड म्हणजे खरा, असेही मात्र नव्हे. टेकनच्या पाचव्या भागात शेवटी जिनपाची नावाचा म्हातारा येतो. तो तुम्हाला दुरूनच खिळवून ठेवतो आणि पोटातून आगीचा गोळा सोडतो. तुम्हाला जे नियम, ते त्याला नाहीत. टेकनवर माझे इतके प्रेम, पण या ठिकाणी त्याने माती खाल्ली. दुसरा राग हल्लीचा. २०२४ च्या जानेवारीत टेकनचा आठवा भाग आला. त्यात माझा लहानपणचा एडी नव्हताच. तो एप्रिलमध्ये आला, वेगळे पैसे भरणाऱ्यांसाठी. आधीच्या भागात ज्वालामुखीत फेकला गेलेला हेइहाचीसुद्धा त्याच वर्षी परत आला, तोही वेगळ्या पैशांनी. मेलेला माणूस भाडे भरून परत येतो, हे महाभारतातही नाही.

आता प्राध्यापकांच्या मनातली शंका. या खेळांनी मुले हिंसक होतात का? हा वाद जुना आहे. १९९२ साली 'मॉर्टल कॉम्बॅट' आला. त्यात माणसांची खरी छायाचित्रे वापरली होती आणि हरलेल्याला शेवटी क्रूरपणे ठार मारायची सोय होती. १९९३ मध्ये तो घरच्या यंत्रांवर आला तेव्हा निन्टेन्डोच्या यंत्रावर रक्ताऐवजी घाम दाखवला होता. सेगाच्या यंत्रावर मात्र एक गुप्त खूण दाबली की रक्त सुरू होई. त्या डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये यावर सुनावणी झाली, आणि १९९४ पासून तिथे खेळांवर वयाचे शिक्के मारणारे मंडळ सुरू झाले. लहान मुलांना असले खेळ दाखवू नयेत, हे मला मान्य आहे. पण मला मॉर्टल कॉम्बॅट आवडत नाही त्याचे कारण रक्त नव्हे. पाठ टेकली की कुस्ती संपली, हे मी तालमीच्या पाठीमागे वाढल्यामुळे माझ्या अंगात भिनले आहे. चीत झालेल्या माणसाला पुन्हा हात लावायचा नसतो. उठवायला लावला तर गोष्ट वेगळी.

'स्ट्रीट फायटर टू'बद्दल माझ्या मनात आदर आहे आणि एक सलही आहे. १९९१ सालचा कॅपकॉमचा हा खेळ म्हणजे फायटिंगचे घराणे जिथून सुरू झाले ती गादी. एकामागून एक न थांबता बसणाऱ्या फटक्यांची माळ, जिला आम्ही कॉम्बो म्हणतो, ती त्यात कुणी योजून घातली नव्हती. बनवणाऱ्यांना ती खेळ तयार होताना चुकून सापडली आणि त्यांनी ती तशीच राहू दिली. त्या चुकीवर पुढे सगळे घराणे उभे राहिले. सल आहे ती ढालसिमची. खेळातला एकुलता एक भारतीय. गळ्यात कवट्यांची माळ, रबरासारखे लांबणारे हातपाय, तोंडातून आग, मागे हत्ती. दादाने मोबाइलवर तो दाखवला तेव्हा आबा म्हणाले, "ह्येला जेवान घाला आदी." खेळायला ढालसिम सुरेख आहे, अंतराचा खेळ त्याच्याइतका कुणाचा नाही. पण आपला माणूस असा दुसऱ्याच्या कल्पनेतून आलेला. म्हणून २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' आला तेव्हा मी तो मोठ्या आशेने खेळलो. जत्रेत खेळ करणारी मुलगी, हाती दुर्गेने दिलेला त्रिशूळ, आणि असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाचा शोध. भिंतींवरची चित्रे, महाल, तळी पाहताना आपल्या गावी आल्यासारखे वाटते. मारामारी थोडी पोकळ आहे, हेही सांगायला हवे. आपले म्हणून पदरचे गुण दिले, तर तीही नुराच झाली.

आणि आता दोन कुस्त्या. पहिली २००४ सालची, कॅलिफोर्नियातली, इव्हो स्पर्धेतली. खेळ 'स्ट्रीट फायटर थ्री'. जपानचा दाइगो उमेहारा केन घेऊन, अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन ली घेऊन. दाइगोची पट्टी इतकी संपलेली की नुसता अडवलेला फटकाही त्याला पाडू शकत होता. जस्टिनने पंधरा लाथांचा मोठा डाव सोडला. दाइगोने पंधराही लाथा एकेक करून, प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी पुढे सरून झेलल्या आणि उलट हाणून कुस्ती मारली. ती चित्रफीत पाहताना लोकांचा गलका ऐकून अजूनही अंगावर काटा येतो. फार थोड्यांना आठवते की ती स्पर्धा दाइगो जिंकला नाही, अंतिम फेरीत हरला. मला ते फार आवडते.

दुसरी २०१९ सालची. दादा गेला त्याच वर्षाची. लाहोरचा अर्सलान ॲश तोवर बाहेरच्या जगाला फारसा माहीत नव्हता. फेब्रुवारीत त्याने जपानमधली इव्हो जिंकली आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेतली. टेकन म्हणजे जपान-कोरियाची मक्तेदारी असे सगळे धरून चालले होते. कोरियाचा थोर खेळाडू 'नी' त्याच वर्षी पाकिस्तानात जाऊन तिथल्या पोरांबरोबर बसला, त्यांच्याकडून हरला, शिकून परत आला. अमेरिकेच्या अंतिम फेरीत तो पुन्हा अर्सलानकडून हरला. मला या हकिकतीत अर्सलानइतकाच 'नी' मोठा वाटतो. ज्याने आपल्याला पाडले त्याच्या तालमीत जाऊन बसायला मोठी छाती लागते.

अशी सगळी मते पक्की करून मी बसलो होतो. मधल्या काळात आबा गेले, २०२१ च्या मे महिन्यात. तेव्हा भारतातून दुबईला परत प्रवेश बंद होता. दादा आला असता तर नोकरीवर परत जाता आले नसते, आणि नोकरी गेली असती तर वडिलांची औषधे थांबली असती. त्याने फोनवरच सगळे पाहिले. मी फोन धरून उभा होतो. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही.

२०२४ च्या दिवाळीत तो आला. तीन आठवड्यांसाठी. पहिल्या रात्री जेवणे झाल्यावर त्याने आपण होऊन प्लेस्टेशनवरची धूळ पुसली. डिस्क चार वेळा आत-बाहेर केली तेव्हा लागली. सतरंजी अंथरली. त्याने बिनरबराचा, कोपरा उडालेला रिमोट उचलला. तेव्हा मला दिसले, त्याच्या डाव्या हाताचे मधले बोट नीट वाकत नव्हते. "पत्र्यानं कापलं," तो म्हणाला.

पहिल्या दहा सेकंदांतच मला कळले की मी त्याला कसाही हरवू शकतो. पाच वर्षे मी मित्रांकडे, हॉस्टेलवर, मिळेल तिथे खेळत होतो. तो छपरांवर ए.सी. बसवत होता. त्याचा प्रतिडाव प्रत्येक वेळी दोन-चार चित्रे उशिरा येत होता. आणि माझ्या मनात, ज्याच्या मनात एवढी पक्की मते होती त्याच माझ्या मनात, पहिला विचार आला तो असा: एक-दोन सोडून द्याव्यात.

मी बटण दाबायला किंचित उशीर केला. दादाने पडद्यावरची नजर न काढता सांगितले, "खरं खेळायचं."

मी खरे खेळलो. पाच-शून्य. दादा काही वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ती शेवटची पकड कशी लावलीस? पुन्हा दाखव." मी दाखवली. त्याने डायरी शोधून काढली आणि निकाल लिहिला. त्या पानाच्या वरच्या ओळीत २०१९ च्या जूनमधली नोंद होती. तिथे दोन-तीन असे आकडे होते, आणि पुढे कंसात दादाच्याच अक्षरात एक प्रश्नचिन्ह होते.

सकाळी मी उठलो तेव्हा टीव्ही चालूच होता. पडद्यावर सरावाचा भाग उघडा होता, दोन किंग समोरासमोर उभे होते. दादा सतरंजीवर रिमोट हातात धरून झोपला होता.

तिसऱ्या रात्री त्याने माझी पकड सोडवली आणि एक कुस्ती मारली. चार-एक. त्या एका कुस्तीवर तो जितका हसला तितका मी त्याला कितीतरी वर्षांत हसताना पाहिला नव्हता. मीही हसलो. हरून.

मग मी विचारले, "त्या रात्री का सोडलीस?"

तो म्हणाला, "जायचं होतं. तुला काहीतरी द्यावंसं वाटलं. माझ्याकडं दुसरं काय होतं?"

माझे मत त्यामुळे बदलले आहे, असे मी म्हणणार नाही. दिलेला विजय मला आजही नको आहे, आणि तो त्यालाही नको होता हे त्याने त्या पहिल्या रात्रीच दाखवले. खरा खेळणे हाच समोरच्याचा मान, हे मी अजूनही मानतो. पण एकट्याने ठरवून, आपली पट्टी शिल्लक असताना अंगठा न हलवणे, याला काय म्हणतात, हा आबांना विचारलेला प्रश्न माझ्यापाशी तसाच आहे. मी मराठीचा विद्यार्थी आहे, शब्दकोशही चाळला. सरांना शब्द सुचला तर त्यांनी सांगावा.

दादा परत निघाला त्या संध्याकाळी मी त्याची बॅग घेऊन स्टँडवर गेलो. गाडी सुटता सुटता त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले आणि ओरडून सांगितले, "पुढच्या दिवाळीला तीन काढतो तुझ्यावर!"

मी म्हणालो, "बघू की."